डाव्या हाताचा आकडा

माझ्या ताईचा नवरा म्हणजे आमचे दाजी. धंद्याने बेकरीवाले, आणि स्वभावाने असे की त्यांच्याशी भांडायला आलेला माणूस दोन बिस्किटं खाऊन परत जायचा. मी मात्र नाकावर राग घेऊनच जन्मलेली. त्यांच्या बेकरीचं काउंटर मी सांभाळते, आणि पाव अंगठ्याने दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एकदाच सांगते, दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ देत नाही. आतून दाजी म्हणायचे, "मेव्हणीबाई, दाबू द्या हो. नरम आहे म्हणूनच दाबतायत." तेव्हा आधीच सांगून टाकते, पुढे जे लिहिलंय त्यात दाजींचं कौतुक जरा जास्तच आहे. मला कौतुक करावंसं वाटेल अशी माणसं फार नाहीत, त्यामुळे जी आहेत त्यांच्याबद्दल मी हात राखून लिहिणार नाही.

बेकरी म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढे दुकान, मध्ये मळायची खोली, मागे भट्टी. वर ताई-दाजींचं घर, आणि जिन्याच्या वळणावर माझी एक खोली. भट्टीवर एक कामगार आहे, तो दिवसभरात चार शब्द बोलला तर आम्ही एकमेकांकडे बघतो. मधल्या खोलीत लांब लाकडी टेबल, इतकी वर्षं पीठ मळून मळून मधोमध खोलगट झालेलं. कोपऱ्यात पीठ मळायचं यंत्रही आहे, त्यांच्या मुलीने लग्न होऊन जायच्या आधी हट्टाने घ्यायला लावलेलं. दाजी त्यात फक्त बिस्किटांचं पीठ टाकायचे. पावाचं पीठ हाताने. त्यांचं म्हणणं, यंत्र पीठ मळतं ते ठीक आहे, पण पिठाची विचारपूस करत नाही.

त्यामुळे उजवा हात सकाळपासून कोपरापर्यंत पिठात, आणि बाकीचा सगळा संसार डाव्या हाताने. चहाचा कप डाव्या हातात, फोन डाव्या कानाला. कोणी नवा माणूस भेटायला आला आणि त्याने हात पुढे केला, की हे डावा पुढे करायचे. त्याला आधी ते खटकायचं, मग उजव्या हाताकडे नजर गेली की तो हसायचा. कितीही अवघड काम सांगा, दाजी म्हणायचे, "ते काय, डाव्या हाताचा मळ." पुढे जे झालं ते या डाव्या हातामुळेच झालं.

सुरुवात पाठीपासून झाली. दोन खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं, आणि आवाज घोगरा झाला. मैद्याची पोती उचलणाऱ्या माणसाची पाठ दुखते आणि पीठ नाकातोंडात जाणाऱ्याचा घसा बसतो, यात नवल ते काय, असं आम्ही धरून चाललो. आमच्या गल्लीतले डॉक्टर रोज संध्याकाळी टोस्ट घ्यायला येतात. त्यांनी काउंटरवरूनच दाजींचा आवाज ऐकला आणि छातीचा फोटो काढायला सांगितलं. फोटो बघून त्यांनी टोस्ट घेतले नाहीत. 

मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर वयाने आमच्या भाचीएवढे, पण तिथे सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणायचे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. वळण संपून ती खाली उतरायला लागते तिथे तिची भिंत पातळ होऊन फुगली होती. तोच फुगा आवाजाच्या नसेला दाबत होता. फुटला तर हॉस्पिटलपर्यंत यायलाही वेळ मिळत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. ताईने माझा हात धरला, आणि तिची नखं मला रुतली.

"पूर्वी यासाठी छाती उघडायला लागायची," मोठे डॉक्टर म्हणाले. "आता जांघेत छोटं छिद्र पाडून आतूनच जातो. कापड लावलेली एक जाळीची नळी असते, मिटलेली नेतो आणि जागेवर उघडतो. मग रक्त तिच्यातून जातं आणि फुगलेल्या भिंतीवरचा जोर जातो."

"म्हणजे जुन्या पाइपात नवा पाइप," दाजी म्हणाले.

"तसंच समजा."

मग त्यांनी धोके सांगितले. क्वचित मेंदूला झटका येतो. क्वचित कण्याचं रक्त कमी पडून पाय लुळे पडतात. कधी जाळीच्या कडेने रक्त झिरपत राहतं, मग पुन्हा आत जावं लागतं. म्हणून नंतर वर्षानुवर्षं तपासायला यावं लागतं, आणि ब्लडप्रेशर मुठीत ठेवावं लागतं. ताई एकेका वाक्यागणिक लहान होत चालली होती. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मला मळता येईल ना?"

मोठ्या डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "प्रेशर ताब्यात राहिलं तर मळा की. वाढलेल्या प्रेशरवर मळायचं नाही, आणि पोती तर उचलायचीच नाहीत." दाजींनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने सौदा पक्का झाला होता. इकडे आकडा, तिकडे टेबल.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पायाची बोटं हलवायला सांगितली, कण्याला रक्त मिळतंय की नाही ते बघायला. दाजींनी हलवली. डॉक्टर गेल्यावरही ते थांबेनात. भेटायला येईल त्याला चादर वर करून बोटं हलवून दाखवायचे. भट्टीवाला आला, त्यालाही दाखवली. तो म्हणाला, "छान." म्हणजे त्याचा एक शब्द तिथे खर्च झाला.

घरी सोडायच्या दिवशी मोठे डॉक्टर घाईत आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "जाळी पक्की बसायला थोडी वरपर्यंत न्यावी लागली. त्यात डाव्या हाताला जाणाऱ्या फांदीचं तोंड झाकलं गेलंय. ते ठरवूनच केलं, हाताला दुसऱ्या वाटेने रक्त मिळतं. तरी डाव्या हाताकडे लक्ष ठेवा. आणि प्रेशर रोज बघायचं." मोजायचं उजव्या हाताला, असं ते म्हणाले होते का? ते म्हणतात, म्हणालो होतो. दाजी म्हणतात, आठवत नाही. ताई म्हणते, नाही म्हणाले. मी त्या वेळी खाली औषधांच्या खिडकीपाशी रांगेत एका बाईशी भांडत होते, त्यामुळे मला साक्ष देता येत नाही.

डॉक्टरांची ती दोन वाक्यं ताईच्या मनात एक झाली. डाव्या हाताकडे लक्ष ठेवायचं आणि प्रेशर रोज बघायचं, म्हणजे डाव्या हातावर प्रेशर बघायचं. यात काही चूक आहे असं कोणाला वाटलं असतं? मलाही वाटलं नाही. डॉक्टरांना म्हणायचं होतं की डावा हात गार पडतोय का, मुंग्या येतात का, लवकर थकतो का, ते बघा. पण ते आम्हाला फार नंतर कळलं.

ताई काही करायला घेतलं की अर्धवट करत नाही. तिने त्या डाव्या हातावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवला. हात गार लागतो म्हणून तिने त्याच्यासाठी लोकरीचा हातमोजा विणला, एकाच हाताचा, करड्या रंगाचा. मुलीने प्रेशरचं मशीन पाठवलं. रोज सकाळी ताई दाजींना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवायची, मोजा काढायची, दंडाला पट्टा बांधायची आणि मशीन घरघरत असेपर्यंत श्वास रोखून बसायची. जसं काही तिच्या श्वासाने आकडा वाढला असता.

आकडा यायचा एकशे बारा, कधी एकशे दहा. ताई जिन्यातून खाली ओरडायची, "एकशे बारा." मी काउंटरवर असायची, मी गिऱ्हाइकांना सांगायची. आमच्या गल्लीत हवामानाच्या आधी दाजींचं प्रेशर कळायचं. खरं सांगते, ते दिवस फार सुखाचे गेले. ताई गुणगुणायला लागली होती, आणि तिचं गुणगुणणं ऐकवत नाही, तरी मी ऐकत होते.

एक दिवस आकडा शंभरच्या जवळ आला आणि दाजींना उठताना जराशी चक्कर आली. ताई घाबरून गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. "गोळ्यांनी प्रेशर फारच उतरतंय, पडतील कुठेतरी," ती म्हणाली. डॉक्टर बेकरीत आले. दाजी टेबलापाशी उभे होते, नुसते बघायला म्हणून, आणि बघता बघता उजवा हात पिठात गेला होता. डॉक्टरांना बघताच त्यांनी सवयीने डावा पुढे केला. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि गोळी अर्धी केली. ताईने सुटकेचा निःश्वास सोडला. तिने स्वतः जाऊन, स्वतः सांगून ती गोळी कमी करून आणली होती.

मध्ये एकदा हॉस्पिटलात दाखवायला गेलो. तिथलं मशीन उजवीकडे होतं, म्हणून पट्टा उजव्या दंडाला बांधला, आणि प्रेशर खूप जास्त निघालं. दाजी हसून म्हणाले, "इथे आलं की वाढतंच हो. तुमच्या भिंतींचा रंगच तसा आहे." ताईने घरचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने मान डोलावली, काही माणसांचं डॉक्टर बघूनच वाढतं म्हणाला. फोटोत जाळीच्या खालच्या टोकाशी रक्त किंचित झिरपताना दिसत होतं, पण ते बऱ्याचदा आपोआप थांबतं म्हणे. बघू पुढच्या वेळी.

एवढ्या चांगल्या आकड्यावर दाजी टेबलापाशी परत गेले नसते तरच नवल. मळायला लागले. डावा हात लवकर थकायचा, मग ते उजव्यानेच मळायचे आणि डावा मोजा घालून टेबलाच्या कडेला ठेवायचे. नंतर अर्धं पोतं उचलायला लागले. मग पुरं. मी ओरडले तर म्हणाले, "एकशे बारावाल्या माणसाने पोतं उचलायचं नाही, तर उचलायचं कोणी?" आणि ताई दारात उभी राहून हसत होती. तिला वाटलं, माझा नवरा पूर्ववत झाला. तिने त्यांना अडवलं नाही.

पुढच्या तपासणीच्या वेळी प्रेशर बघायला वयस्कर सिस्टर होत्या, हळू चालणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. दाजींनी सवयीने डावा पुढे केला. त्यांनी मोजा बघितला आणि म्हणाल्या, "हा गरम ठेवलाय, राहू दे. दुसरा द्या." उजव्या हाताला एकशे अठ्ठ्याहत्तर आलं. दाजींनी भिंतींच्या रंगाचा विनोद केला. सिस्टर हसल्या नाहीत.

"घरी कुठल्या हाताला बघता?"

"डाव्या," ताई म्हणाली. जरा अभिमानानेच म्हणाली.

सिस्टरनी मोजा काढला, पट्टा डाव्या दंडाला बांधला. एकशे चौदा. त्यांनी पुन्हा उजव्याला बांधला. पुन्हा तेच एकशे अठ्ठ्याहत्तर. मग त्या उठल्या आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, भरभर चालत मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. दाजींना काहीतरी गडबड आहे एवढं कळलं होतं. ते म्हणाले, "आम्ही घरात कधी कोणात डावं-उजवं केलं नाही, म्हणून वाटतं." एरवी मी हसले असते.

मोठे डॉक्टर आले, नवा फोटो बघितला. जाळीचं खालचं टोक भिंतीपासून सुटलं होतं, तिथून रक्त जोराने आत शिरत होतं, आणि फुगा आधीपेक्षा मोठा झाला होता. आज इथेच राहायचं, उद्या पुन्हा आत जायचं, ते म्हणाले. ताईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग मी रोज बघत होते तो आकडा कसला होता?"

डॉक्टर खुर्ची ओढून ताईच्या समोर बसले. त्याबद्दल मी त्यांना मानते. "आकडा खोटा नव्हता," ते म्हणाले. "त्या हाताचा तो खराच होता. त्या हाताला रक्त कमी जोराने पोहोचतं, म्हणून तो कमी यायचा. पण छातीतल्या नळीवर काय जोर आहे, ते त्या हाताला आता कळत नाही. ते उजव्या हाताला कळतं."

तो करडा मोजा ताईने घडी करून पिशवीत टाकला. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "गोळी मी कमी करून आणली. पोतं उचललं तेव्हा मी दारात उभी होते." मी नेहमीसारखी ओरडले. डॉक्टरांवर ओरडले, गल्लीतल्या डॉक्टरांवर ओरडले, त्या शिकाऊ पोरावर ओरडले. माझ्या ओरडण्याचा तिला आजवर नेहमी आधार वाटायचा, त्या दिवशी वाटला नाही. तिने फक्त माझ्याकडे बघून म्हटलं, "तू गप्प बस ना जरा." मी गप्प बसले. माझ्या ताईला मी तेवढी एकटी कधी पाहिली नव्हती, आणि मला तिच्यासाठी काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला धोका जास्त होता. जाळी खाली वाढवायची म्हणजे कण्याला जाणाऱ्या आणखी काही बारीक फांद्या झाकल्या जाणार. दाजींना आत नेताना ताईने मोठ्या डॉक्टरांना थांबवलं आणि एकेक गोष्ट दोनदोनदा विचारून घेतली. शेवटी विचारलं, "आणि उजवा म्हणजे त्यांचा उजवा ना? समोर बसून माझ्या उजवीकडचा नाही?" डॉक्टर म्हणाले, "त्यांचा." मग स्वतःच आपला उजवा हात वर करून दाखवला. ताईनेही आपला वर केला. दोघं तशी हात वर करून उभी होती, आणि तिथून जाणारा सफाईवाला गोंधळून थांबला.

शुद्धीवर आल्यावर पुन्हा तीच परीक्षा. पायाची बोटं हलवा. ताई पायथ्याशी उभी होती, तिचे डोळे त्या बोटांवरून हलत नव्हते. उजव्या पायाची हलली. डाव्याची हलली नाहीत. डॉक्टर काहीतरी पुटपुटले, सलाईन बदललं, माणसं आतबाहेर करायला लागली. ताई तशीच उभी. तिला कोणीतरी बाहेर चला म्हटलं, ती हलली नाही, आणि मी त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने पुन्हा म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने डाव्या पायाचा अंगठा हलला. मग बाकीची बोटं, आळसावल्यासारखी, एकापाठोपाठ एक. आमचा जीव भांड्यात पडला. यावेळी दाजींनी ती कोणाला हलवून दाखवली नाहीत. चादर ओढून घेतली आणि ताईला म्हणाले, "बस आता. किती वेळ उभी आहेस."

ते घरी आले, पण आमची ताई काही पूर्वीसारखी घरी आली नाही. म्हणजे ती होती, स्वयंपाक करत होती, गोळ्या वेळेवर देत होती. पण त्या मशीनला तिने हात लावला नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिलं. "मला बघता येत नाही," ती म्हणाली. "ज्याला येतं त्याने बघावं." मी बघते म्हटलं, तर म्हणाली, "तूही नको." म्हणून दाजी रोज सकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडे चालत जायचे. डॉक्टर मनातून ओशाळले होते. ते दोन्ही हातांना बघायचे, उगाच पायाचीही नाडी बघायचे, आणि संध्याकाळी टोस्ट घ्यायला आले की माझ्याशी बोलताना खाली बघायचे. मी त्यांना टोमणा मारला नाही. यावरून माझी अवस्था ओळखा.

मळणं बंद होतं. पुढचा फोटो चांगला आला तर विचार करू, असं मोठे डॉक्टर म्हणाले होते. तोवर पावाचं पीठ यंत्रात जायचं, आणि दाजी माझ्या शेजारी काउंटरवर स्टुलावर बसायचे. यांच्याइतका वाईट विक्रेता मी पाहिलेला नाही. गिऱ्हाइकाने पाव मागितला की हे त्याला सांगायचे, "कालच्यापेक्षा आज जरा कोरडा झालाय, उद्या घ्या." मी काउंटरखालून पायाने ढोसायची. ते म्हणायचे, "खरं आहे ते सांगितलं." मग आत जाऊन यंत्रासमोर उभे राहायचे, हात मागे बांधून.

पण त्यांना खरी टोचणी टेबलाची नव्हती. मला वाटायचं होती, म्हणून एक दिवस मी त्यांची समजूत घालायला गेले. ते म्हणाले, "मळणं काय, आज ना उद्या. मेव्हणीबाई, तुमची ताई माझ्या हाताला हात लावत नाही हो. कप खाली ठेवते आणि बाजूला होते. मी काय काचेचा झालो?" हे ते विनोद म्हणून सांगायला गेले असतील. पण सांगताना ते आपलाच हात उलटासुलटा करून बघत होते.

तपासणीचा दिवस आला. फुगा आक्रसला होता. खालचं टोक पक्कं बसलं होतं, झिरपणं थांबलं होतं. मोठे डॉक्टर स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी तोच फोटो आम्हाला तीनदा दाखवला. "आता मळा," ते म्हणाले. "थोडंथोडं. पोतं नाही, कधीच नाही. प्रेशर एकशे चाळीसच्या आत पाहिजे. आणि ते घरच्या घरी, रोज, कामाला लागायच्या आधी बघायचं. कोण बघणार?"

"ही," दाजी म्हणाले.

"मी नाही," ताई म्हणाली. मी म्हटलं, "आमचं आम्ही बघू," आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी खाली आलेच नाहीत. भट्टीवाला तापलेली भट्टी सोडून काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "पीठ थांबलंय." मी वर गेले. स्वयंपाकघरात दाजी खुर्चीवर बसले होते. कपाटातलं मशीन त्यांनी काढून समोर ठेवलं होतं, उजवी बाही दंडापर्यंत वर केली होती. ताई ओट्याशी पाठ करून उभी होती, धुतलेलाच कप पुन्हा धूत होती.

"डॉक्टरांकडे जाऊन या," ती म्हणाली.

"ते त्यांचा आकडा सांगतात. मला तुझा पाहिजे."

"माझ्या आकड्याने काय झालं ते पाहिलंत ना?"

"पाहिलं की. तुझ्या चुकीच्या आकड्यावर मी सहा महिने मजेत काढले," दाजी म्हणाले. "आता बरोबर आकड्यावर बाकीचे काढू."

ताईने नळ बंद केला. वळली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता. "मी तुम्हाला मारलं असतं," ती म्हणाली. "रोज सकाळी, हसत हसत. खाली ओरडून सगळ्यांना सांगत." इतके दिवस मूग गिळून बसली होती ती बाई, ते सगळं एका दमात बाहेर आलं.

मला वाटलं आता दाजी विनोद करतील, आणि केला असता तर मीच त्यांना खाली पाठवून दिलं असतं. ते म्हणाले, "तू सोडून आणखी कोण रोज श्वास रोखून बसणार आहे माझ्यासाठी? ही?" ही म्हणजे मी. "ही आकड्याशी भांडेल."

ताई आली. पट्टा हातात घेतला, त्यांच्या उजव्या दंडाला धरला, मग थबकली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "हा उजवाच ना गं?" मी म्हटलं, "उजवाच." तिने पुन्हा एकदा दाजींना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. तेव्हा कुठे तिने पट्टा आवळला. त्यांचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला होता आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मशीन घरघरायला लागलं. ती श्वास रोखून बसली. दाजीही बसले, आणि आता सांगायला हरकत नाही, मीही.

एकशे अडतीस.

एकशे बाराला जिन्यातून आरोळी ठोकणारी ही बाई. या आकड्याकडे ती कितीतरी वेळ बघत राहिली. खाली भट्टीवाल्याने माझ्या नावाने हाक मारली, म्हणजे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मला उठवेना. ताईने डोळे पुसले, पण दाजींचा हात सोडला नाही.

"थोडा जास्त आहे," ती म्हणाली, "पण हा तुमचा आहे."